अर्धा टेलिव्हिजन

दसरा झाला की आमच्याकडे माळा उतरवायचा असतो. यंदा ते काम मी अंगावर घेतले. दोन फुटके रांजण, पाळण्याच्या साखळ्या, वातीचा स्टोव्ह आणि सर्वांत मागे, जुन्या सतरंजीत गुंडाळलेला आमचा टेलिव्हिजन. भंगारवाला दारातच उभा होता. त्याने सतरंजी बाजूला सारली, मागच्या जाळीतून आत डोकावून पाहिले आणि म्हणाला, "बाई, शंभर रुपये देतो."

"एवढेच?"

"हे तांब्याच्या तारेचे. काच कोणी घेत नाही, तिच्यात शिसं असतं. लाकूड किडलंय. खरं तर ऐंशीच होतात. दिवाळी आहे म्हणून शंभर."

मनुष्य प्रामाणिक होता आणि त्याचा हिशेबही चोख होता. तरी माझ्या तोंडून "राहू दे, दिवाळी झाल्यावर ये" असे शब्द निघून गेले. तो गेला आणि मी त्या खोक्यासमोर ओल्या फडक्यासकट बसून राहिले. चालू न होणारी, कोणाला नको असलेली, निम्मा माळा अडवून बसलेली ती वस्तू. शंभर रुपयांना मी नक्की काय विकायला नाखूश होते?

मी काही तत्त्वज्ञ नव्हे. दहावी झाले (आमच्या आजीच्या भाषेत मॅट्रिक), त्यापुढे शिकणे झाले नाही. पंचवीस वर्षे बालवाडीत मुलांना शिकवते आहे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. बालवाडीत एखादे मूल 'मला हे हवं' म्हणून हट्ट धरून बसले की मी त्याला 'कशाला हवं?' असे विचारते. बहुतेक वेळा त्या वस्तूपेक्षा निराळेच काहीतरी त्याला हवे असते. त्या दिवशी तोच प्रश्न मी मला विचारला. त्याचे उत्तर शोधताना ज्या वाटेने जावे लागले ती वाट वाचकांना सांगावी, एवढ्यासाठीच हा लेख.

आमचे गाव सिंहगडाच्या पूर्वेला, सातारा रस्त्यापासून थोडे आत. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्याच्या आसपासच्या मुलखाला दिसू लागले. हा मनोरा आमच्या अंगणातून दिसे. रात्री त्याचा लाल दिवा लागे आणि आजी त्याला 'गडावरची पणती' म्हणे. १९८४ साली देशभर लहान लहान प्रक्षेपणकेंद्रे उभारण्याचा असा सपाटा चालला होता की काही महिने दिवसाला एक या वेगाने ती उभी राहत होती. टेलिव्हिजन ही शहरातल्या लोकांची चैन उरली नव्हती. १९८५ साली, मी सात वर्षांची असताना, आमच्या अण्णांनी सोसायटीतून कर्ज काढून एक संच घेतला. आमच्या आळीतला तो पहिला.

तो टेलिव्हिजन नव्हताच म्हणा, ते एक कपाट होते. चार पाय, वार्निश केलेले लाकूड आणि पुढे सरकते लाकडी दार. त्या दाराला कुलूप होते आणि कुलपाची किल्ली अण्णांच्या जानव्याला. छपरावर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना. त्याचे तोंड सिंहगडाकडे. त्यावर कावळा बसला की पडद्यावरच्या माणसाला दोन डोकी फुटत. मग माझा थोरला भाऊ कौलांवर चढे, खालून सगळे ओरडत, "डावीकडं! अजून थोडं! हां, राहू दे, हलू नको!" आणि तो बिचारा पुष्कळ वेळ तसाच अँटेना धरून उभा राही. आमच्या घरातली निम्मी गाणी त्याने छपरावरून ऐकलेली आहेत.

चित्र काळेपांढरे. आपल्या देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ सालीच सुरू झाले होते, पण रंगीत संच घेण्याची आमची ऐपत नव्हती. त्यावर त्या काळी बाजारात एक स्वस्त तोड मिळे. पडद्यावर लावायचा प्लॅस्टिकचा एक पारदर्शक कागद: वरचा पट्टा निळा, मधला गुलाबीसर, खालचा हिरवा. म्हणजे वर आकाश, मध्ये माणसे, खाली गवत! गंमत अशी की चित्र शेतातले असले तर खरेच बरे दिसे. परंतु बातम्या सांगणाऱ्या बाई आल्या की त्यांचे कपाळ निळे, गाल गुलाबी आणि साडी हिरवी. आम्हाला त्यात काही चुकते आहे असे कधी वाटले नाही. आळीत आम्ही 'आमचा टीव्ही रंगीत आहे' असे बिनदिक्कत सांगत असू.

रविवारी 'साप्ताहिकी' पाहून आठवड्याचे कार्यक्रम वहीत उतरवून ठेवायचे काम माझ्याकडे होते. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. मध्येच चित्र जाई आणि 'व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत' अशी पाटी येई. ती पाटीसुद्धा आम्ही बघत बसू. पुढे २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या घराचे देऊळ झाले. आजी संचाला हळदकुंकू लावी, झेंडूची माळ घाली, समोर निरांजन ठेवी. आळीतली माणसे अंघोळी करून येत. सोप्यात तीस-चाळीस माणसे मावत. माझी जागा ठरलेली होती. सोप्याच्या मधोमध एक सागवानी खांब होता. त्याला पाठ टेकून, पाय लांब करून मी बसे. मागच्या खिडकीतून सकाळचे ऊन येई, खांब पाठीला गार लागे, स्वयंपाकघरातून चहाचा वास येई. सारी आळी एका वेळी एकाच गोष्टीसाठी रडे आणि एकाच गोष्टीला हसे.

हे सारे आठवले की मी सुखावते. 'काय ते दिवस होते! सगळे एकत्र बसत होतो. आता घरात माणसे चार आणि पडदे पाच.' हे वाक्य मी स्वतः कितीदा बोलले असेन. तुम्हीही बोलला असाल.

या हुरहुरीला युरोपात एक वैद्यकीय नाव मिळाले ते १६८८ साली. योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने बाझेल येथे प्रबंध लिहिला आणि 'घरी परतणे' व 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून 'नोस्टॅल्जिया' हा शब्द तयार केला. घरापासून दूर गेलेल्या स्विस लोकांना, विशेषतः परक्या मुलखात लढायला गेलेल्या शिपायांना, गावाच्या आठवणीने जे खंगणे येई तो त्याच्या मते एक आजार होता आणि घरी परतणे हे त्याचे औषध. म्हणजे मूळ कल्पना अशी की, ज्याची आठवण येते ते गाव अजून जागेवर आहे. गाडीत बसले की पोचता येते.

आपला आजार याहून अवघड आहे. आपले गाव जागेवर नाही. हाच खोका घ्या. समजा मी कोणी जुना कारागीर गाठला, त्याने झिजलेले भाग बदलले आणि संच चालू झाला; तरी त्यावर दिसणार काय? २०२२पर्यंत दूरदर्शनने आपली जुन्या पद्धतीची प्रक्षेपणकेंद्रे, मोजकी सोडून, बंद केली. अँटेना कुठेही वळवला तरी पडद्यावर येतील त्या मुंग्या. शास्त्रज्ञ सांगतात की त्या मुंग्यांमध्ये एक अगदी लहानसा अंश विश्वाच्या आरंभीच्या काळातून येणाऱ्या किरणांचा असतो. आम्ही मात्र त्यांना व्यत्यय म्हणून छपरावर भावाला ओरडत होतो.

मराठीत या हुरहुरीसाठी 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ झाला आहे. मला तो त्या ग्रीक शब्दापेक्षा अधिक खरा वाटतो. आपण रंजन म्हणजे करमणूक समजतो. पण त्याच्या मुळाशी जो संस्कृत धातू आहे त्याचा अर्थ रंगणे, रंगवणे असा आहे. स्मरणाला रंग देणे! तो प्लॅस्टिकचा कागद माझ्या डोळ्यांसमोर आला. त्या कागदाला चित्रात काय आहे याची पर्वा नसे. जे वर असेल ते निळे, जे मध्ये असेल ते गुलाबी. भिंत असो की आकाश, कपाळ असो की ढग. वस्तू काय आहे यावर रंग ठरत नसे, ती कुठे आहे यावर ठरे. आपली आठवणही असेच करीत असेल काय? ते दिवस चांगले होते म्हणून ते गुलाबी दिसतात, की आपल्या आयुष्याच्या ज्या पट्ट्यात ते आहेत तिथला कागदच गुलाबी आहे?

आणि एकत्र बसण्याचे काय? मी स्वतःशी थोडे कठोरपणे बोलून पाहिले. आम्ही एकत्र बसत होतो ते परस्परांवरच्या प्रेमाने, की आळीत टेलिव्हिजन एकच होता म्हणून? दुष्काळात एका आडावर सारा गाव जमतो. त्याला कोणी गावाची एकी म्हणत नाही. पुढे १९९०-९१पर्यंत घरोघर संच आले आणि आमचा सोपा रिकामा झाला. त्याच माणसांनी, त्याच आळीत, संधी मिळताच वेगळे बसणे पसंत केले. आता पडद्यांना दोष देणारे आपण हे सोईस्कर विसरतो. दुसरी वाट नव्हती म्हणून जे घडले त्याला सद्गुण म्हणता येईल काय?

तरीही या युक्तिवादाने माझे समाधान झाले नाही. सद्गुणांची सुरुवात पुष्कळदा नाइलाजातूनच होते. बालवाडीत घसरगुंडी एकच असते, म्हणून मुले रांगेत उभी राहायला शिकतात. घसरगुंड्या वीस असत्या तर ती शिकली नसती. नाइलाजाने का होईना, त्या सोप्यात आम्ही दुसऱ्याच्या डोक्याला डोके लागणार नाही असे बसायला शिकलो आणि आपल्याला नको असलेले गाणेही दुसऱ्याला हवे म्हणून ऐकायला शिकलो. तेव्हा माझ्या हुरहुरीत काही खरे आहे, असा निवाडा करून मी स्वतःला निर्दोष सोडणारच होते. परंतु एक साक्ष राहिली होती.

गेल्या मे महिन्यात आमच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. चौथीपर्यंत माझ्या वर्गात असलेली एक मैत्रीण त्या दिवशी कित्येक वर्षांनी भेटली. ती पदवीधर झाली, आता पुण्यात बँकेत अधिकारी आहे. लहानपणी ती ओढ्यापलीकडच्या वस्तीत राहत असे. तिची आई आमच्याकडे दळण-कांडण आणि भांडी करायला येई. जेवणानंतर गप्पा निघाल्या त्या अर्थातच 'रामायणा'च्या. मी उत्साहाने सांगू लागले, "आमच्या सोप्यात सगळं गाव बसायचं. आठवतं ना?"

ती हसली. म्हणाली, "आठवतं की. पण मला तुमच्या टीव्हीचा डावा अर्धाच माहितीये."

मला समजेना. तेव्हा तिने समजावून सांगितले. वस्तीतली मुले अंगणात, मागच्या खिडकीशी उभी राहत. खिडकीसमोर सोप्याचा खांब. त्या खांबाच्या आड पडद्याचा उजवा अर्धा भाग जाई. खिडकीशी इतकी गर्दी की जागा बदलता येत नसे. "डावीकडं जो उभा राहायचा तो दिसायचा, उजवीकडच्याचा नुसता आवाज. राम उजवीकडं असला की आम्ही नुसतं ऐकायचो आणि सीता कुणाकडं बघून रडतीय ते ओळखायचो. आमच्यात पैजा लागायच्या."

तिने हे गंमत म्हणून सांगितले आणि ऐकणारे सगळे हसले. मीही हसले. पण माझ्या पाठीला तो खांब गार लागला. ज्या खांबाला टेकून मी सारा टेलिव्हिजन पाहत होते, त्याच खांबाने तिचा अर्धा खाल्ला होता.

त्या मुलांना 'आत या' असे आमच्या घरात कोणी म्हटले नव्हते. 'आत येऊ नका' असेही कोणी म्हटले नव्हते. गावात काही वाक्ये उच्चारावी लागत नाहीत. आणि मी चाळीस वर्षे 'सगळे गाव एकत्र बसत होते' असे सांगत आले, ते खोटे बोलत होते असे नाही. माझ्या आठवणीतल्या 'सगळ्यां'मध्ये ती मुले नव्हतीच. ज्या बाजूला माझी पाठ होती, त्या बाजूला ती होती.

इतक्यावर भागले असते तर बरे होते. पण त्या रात्री घरी आल्यावर मला आणखी एक गोष्ट आठवली. विसरले होते असे म्हणवत नाही. मी तिला कधी हाक मारली नव्हती, इतकेच.

आम्ही चौथीत होतो, १९८७-८८चे साल. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी जादा तास सुरू होणार होते आणि त्यासाठी आमच्या वर्गातून मोजक्या मुलांची निवड झाली. तिचे नाव त्यांत होते, माझे नव्हते. शनिवारी हे वर्गात सांगितले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे खिडकीशी आली. ऊन काचेवर पडत होते. आजी म्हणाली, "काही दिसंना गं. ती झडप जरा ओढून घे."

आजी 'जरा' म्हणाली होती. मी उठले आणि झडप पुरती लावली. खालची कडी घातली. मग वरचीही घातली. बाहेर क्षणभर गलका झाला, "ए, उघड की!" मग कोणीतरी खिडकीवर एक थाप मारली. मग सारे शांत झाले. पडद्यावर त्या दिवशी काय चालले होते ते मला आठवत नाही. कडीचा आवाज आठवतो. आणि परत येऊन खांबाला टेकताना मला जे बरे वाटले होते, तेही आठवते.

नऊ वर्षांच्या मुलीचा गुन्हा तो केवढा, असे तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच सांगितले. ऊन खरेच येत होते; वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेही होते. पण नेमके हेच मला अस्वस्थ करते. माणसाला वाईट वागायचे असते तेव्हा एखादे रास्त कारण जवळच उभे असते आणि आपण त्याच्या हाताने ते काम करून घेतो. मला मोठमोठे तत्त्वविचार समजत नाहीत. परंतु 'जरा' आणि 'पुरती' यांच्यामध्ये जी तसूभर जागा असते, तिथे माणसाचे मन राहते, हे मी माझ्याच हातावरून शिकले.

पुष्कळ दिवस विचार करून मी तिला दूरध्वनी केला आणि सगळे सांगितले. आवाज थोडा कापत होता. आता ती रागावेल किंवा 'जाऊ दे गं' म्हणेल; दोन्हींपैकी काहीही चालले असते.

ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "मला नाही आठवत. तू लावली असशीलही. पण कसंय, आमच्या तोंडावर खिडक्या लागायचीच सवय होती गं. कुठली कुणी लावली ते कोण लक्षात ठेवतो?"

मी गप्प झाले. रागाला उत्तर देता आले असते, क्षमेचे आभार मानता आले असते. याला काय द्यावे? जो प्रसंग माझ्या मनावर काट्यासारखा रुतला होता, तो तिच्या लेखी कित्येक रविवारांपैकी एक होता. क्षमा मागायलासुद्धा समोरच्याला आपला अपराध वेगळा ओळखता यावा लागतो; माझा अपराध गर्दीत हरवून गेला होता.

तिलाच माझी कीव आली असावी. ती म्हणाली, "मला काय आठवतं सांगू? तुझी आजी. संपलं की ती खिडकीशी यायची आणि गजांतून खडीसाखर द्यायची. एकेकाच्या हातावर, मोजून नाही, मूठभर. ती चव अजून आहे."

हे मला मुळीच आठवत नव्हते. माझी आजी, माझ्या घराची खिडकी, माझ्या पाठीमागे पाच पावलांवर. आणि मला ठाऊक नाही! तिची आठवण माझ्याजवळ नव्हती, माझी तिच्याजवळ नव्हती. दोघींच्या मिळून झाला तो एक रविवार.

बोलता बोलता मी तिला विचारले, "२०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवलं, ते पाहिलंस का?"

"सगळं पाहिलं. घरच्या मोठ्या टीव्हीवर, सोफ्यावर बसून. तेव्हा पहिल्यांदा उजवा अर्धा दिसला."

"कसा वाटला?"

"डाव्यासारखाच," ती म्हणाली आणि आम्ही दोघी पुष्कळ हसलो.

मग मी धीर करून शेवटचा प्रश्न विचारला, "तुला त्या दिवसांची आठवण येते का गं? खिडकीतल्या?"

"येते ना. मजाच यायची, खोटं कशाला बोलू? पण परत दे म्हणशील, तर नको."

या एका वाक्याने माझे डोळे उघडले. एखाद्या गोष्टीत आनंद होता, हे एक. आणि ती परत यावी, हे निराळे. स्मरणरंजनात आपण या दोहोंची गाठ मारतो. ते दिवस गोड होते, म्हणजे ते चांगले होते, म्हणजे आजचे वाईट आहेत, अशा तीन पायऱ्या आपण एका उडीत चढतो. माझ्या मैत्रिणीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि ती तिथेच शांत उभी राहिली. गोडी तिने नाकारली नाही, अन्यायही नाकारला नाही. एकाने दुसऱ्याची भरपाई होते असे ती मानत नाही.

तेव्हापासून मी माझ्या आठवणींना एक साधी कसोटी लावते. त्या जुन्या सोप्यात मला पुन्हा जाता येईल. अट एवढीच की बसायची जागा चिठ्ठी टाकून मिळेल. खांबाला टेकायची जागा मिळेल, नाहीतर खिडकीबाहेरची. छपरावर अँटेना धरून उभे राहायचीही मिळेल. जायचे का? ज्या आठवणीला या प्रश्नावर निःशंकपणे 'हो' म्हणता येते, तिची हुरहुर खुशाल बाळगावी. जिथे जीभ अडखळते, तिथे समजावे की आपल्याला तो काळ हवा नाही. त्या काळातली आपली जागा हवी आहे.

माझी जीभ अडखळली. आणि तरीही, खरे सांगायचे तर, खांबाचा तो गारवा मला अजून हवाहवासा वाटतो. ती ओढ खोटी आहे असे म्हणण्याइतकी मी साधू झालेले नाही. फक्त आता तो आठवला की खिडकीची कडीही आठवते. पूर्वीइतके सुख होत नाही. पण सोपा पूर्वीपेक्षा मोठा दिसतो. त्यात माणसे अधिक आहेत.

हा लेख लिहून झाल्यावर वाटले, आपण बाहेरच्यांना विचारले, घरातल्यांना विचारलेच नाही. आई स्वयंपाकघरात अनरशाचे पीठ मळत होती. तिला आता सत्तरी उलटून गेली आहे. मी म्हटले, "आई, 'रामायण' लागायचं तेव्हा तू कुठं बसायचीस गं?"

तिने पिठातला हात न काढता वर पाहिले. म्हणाली, "मी? तीस-चाळीस माणसांचा चहा काय आपोआप व्हायचा?"

म्हणजे माझ्या आईने 'रामायण' पाहिलेच नाही! तिला अर्धासुद्धा टेलिव्हिजन मिळाला नव्हता. आणि ज्या चहाच्या वासाने माझी आठवण इतकी घमघमते, त्याच्यामागे ती उभी होती.

दिवाळीत घरोघरी माणसे जमतात. चिवड्याच्या ताटाभोवती जुन्या गोष्टी निघतात आणि त्या निघाव्यातही. माझी विनंती एवढीच की, गोष्ट रंगात आली म्हणजे जो कोणी गप्प बसून ऐकत असेल, किंवा ताटात चकल्या वाढायला तेवढा आत-बाहेर करीत असेल, त्याला विचारावे, "तुम्ही तेव्हा कुठे होता?" उत्तर ऐकून आपल्या आठवणीचा रंग थोडा उतरेल. उतरू द्यावा. मागच्या आठवड्यात मी त्या पडद्यावरचा प्लॅस्टिकचा कागद काढायला गेले. तो काचेला चिकटून बसला होता; नखाने खरवडत सारी दुपार गेली आणि वरचा निळा पट्टा अजून निघालेला नाही.

भंगारवाला भाऊबीजेनंतर येईन म्हणून सांगून गेला आहे. त्याला खोका देऊन टाकायचे मी ठरवले आहे. शंभर रुपये योग्यच आहेत.